लॅपटॉपवर लाईव्ह रेकॉर्डिंग करताना आवाज तुटतो, फाटतो, खरखरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबलबारी भजन, दशावतार, जाखडी, घरगुती गणपतीसमोरच्या आरत्या अशी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करणाऱ्यांकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मेनूंची नावं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. मॅक वापरणाऱ्यांनी प्रश्न ८ आधी वाचावा.

१. ऐकताना मध्येच 'टक्', 'चट्' असे आवाज येतात. बिघाड नेमका कुठे आहे ते कसं ओळखायचं?

कानाने अंदाज बांधू नका, लहर बघा. ऑडॅसिटी किंवा रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा शोधून इतकी झूम करा की पडद्यावर जेमतेम ५०-६० मिलिसेकंद मावतील.

लहर चालता चालता उभी तुटली असेल, म्हणजे एका उंचीवरून थेट दुसऱ्या उंचीवर उडी किंवा मध्ये काही मिलिसेकंद शून्याची सपाट रेघ, तर आवाजाचे नमुने हरवले आहेत. हा दोष कॉम्प्युटर, ड्रायव्हर किंवा यूएसबीचा (प्रश्न २ ते ८). लहरीचे माथे सपाट छाटलेले असतील तर सिग्नल जास्त झालाय (प्रश्न ९, १०). लहर अखंड आहे, पण तिच्यावर दर २० मिलिसेकंदांनी तीच बारीक लाट पुन्हा पुन्हा दिसते? ती लाईटची ५० हर्ट्झची भुणभुण (प्रश्न १२, १३). लहर शाबूत पण वर कुठेही कसेही काटे उगवलेत, तर वायर, जॅक किंवा सर्द झालेला माईक (प्रश्न १४).

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती टाळल्यामुळेच लोकांचे पैसे जातात. जॅक गंजलेला असताना नवा लॅपटॉप घेऊन काहीच सुधारत नाही.

२. बफर किती ठेवायचा? सगळे सांगतात कमी ठेवा, कमी ठेवला की आवाज तुटतो.

आलेला आवाज कॉम्प्युटर थोडा थोडा साठवून उचलतो. त्या एका खेपेचा आकार म्हणजे बफर. खेप लहान तर उशीर कमी, पण कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा वेळेवर हजर राहावं लागतं. एक खेप चुकली की 'टक्'. हिशोब सोपा आहे: बफर (नमुन्यांत) भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने). ४८,००० हर्ट्झला ६४ चा बफर १.३ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंद.

कमी बफरचा सल्ला स्टुडिओतला आहे. तिथे गायक स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून आलेला ऐकतो. देवळात किंवा मंडपात बुवा समोरचे स्पीकर ऐकतात. लॅपटॉप नुसता लिहून घेतो. तिथे २१ मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्याही वाट्याला येत नाही. म्हणून लाईव्ह रेकॉर्डिंगला सरळ १०२४ ठेवा, ड्रायव्हर देत असेल तर २०४८ सुद्धा. तुटण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा एवढ्यावरच मिटतात.

३. पण आम्ही घरीच हेडफोन लावून एकावर एक ट्रॅक घेतो. बफर वाढवला की आवाज मागून येतो.

इंटरफेसवर (माईक आणि लॅपटॉपच्या मधली यूएसबीची डबी) 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा नॉब असतो, तो चालू करा. मग माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद करा, नाहीतर तोच आवाज दोनदा ऐकू येईल. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा उशीर साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. त्यावर ठेका धरणं अशक्य.

४. बफर १०२४ केला, तरी तुटतोच. आता?

आता विंडोजचं दुसरं कुठलं तरी काम मध्ये घुसतंय. या क्रमाने जा, आणि प्रत्येक पायरीनंतर दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघा. सगळं एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळत नाही.

वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, विमान मोडवर टाकलं तरी चालेल. विंडोज अपडेट पॉज करा, वनड्राइव्हसारखं सिंक थांबवा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा, तिथल्याच प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के करा आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. काही नव्या लॅपटॉपवर हे पर्याय दिसत नाहीत. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा.

एवढं करूनही तुटत असेल तर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर १५ मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते त्यात नावानिशी दिसतं. नावात 'एनडीआयएस' असेल तर नेटवर्क, 'डीएक्सजी' असेल तर ग्राफिक्स, 'स्टोरपोर्ट' असेल तर डिस्क. 'एसीपीआय' दिसलं तर संशय बॅटरी-पॉवरच्या व्यवस्थेवर. तो तपासायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालचं 'एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' तात्पुरतं डिसेबल करून बघा. तेवढ्या वेळात बॅटरी किती उरली ते दिसणार नाही, म्हणून चार्जर लावून ठेवा आणि काम झालं की ते पुन्हा चालू करा.

५. आसिओ ड्रायव्हर लागतोच का? 'आसिओ फॉर ऑल' चालेल?

आसिओ म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच बनवलेला ड्रायव्हरचा प्रकार. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाका, तोही त्यांच्याच संकेतस्थळावरून. 'आसिओ फॉर ऑल' हा विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तेव्हा उपयोगी, असताना लावला तर उलट नव्या भानगडी. दोन चॅनलचंच काम असेल आणि बफर मोठा असेल तर आसिओवाचून वासापीवरही (विंडोजची स्वतःची आवाजाची व्यवस्था) व्यवस्थित रेकॉर्ड होतं.

६. इंटरफेस मध्येच गायब होतो, पुन्हा जोडल्याचा 'टिंग' आवाज येतो.

आधी केबल बदला. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि लॅपटॉप लांब ठेवायचा म्हणून एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलं की हेच होतं. लांब न्यायची ती माईकची एक्सएलआर वायर. यूएसबी आखूडच ठेवा. दुसरं कारण हब. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. तेवढ्यातच इंटरफेस, माउस, पेनड्राइव्ह आणि वर दोन कंडेन्सर माईकचा ४८ व्होल्ट फँटम (माईकला वायरीतूनच मिळणारी वीज) भागवायचा म्हटलं तर इंटरफेस मान टाकणारच. हब काढून इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. सॉकेटमध्ये प्लग हलत असेल तर तो पोर्ट सोडून द्या.

७. पहिला अर्धा-पाऊण तास छान जातो, मग तुटायला लागतं.

लॅपटॉप तापलाय. प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग उतरवतो आणि खेपा चुकायला लागतात. मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात, सतरंजीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा हवा ओढणार कुठून? खाली दोन लाकडी पट्ट्या घालून उंच ठेवा, पडद्याचा उजेड कमी करा, ब्राउझर बंद करा. रेकॉर्डिंग चालू असताना रिव्हर्ब-इक्यूसारखे इफेक्ट लावू नका, ते घरी.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर थेट रेकॉर्ड करत असाल आणि लॅपटॉप सबवूफरशेजारी किंवा ढोलांच्या लगत असेल, तर हादऱ्यांमुळे डिस्कचं लिहिणं अडखळतं. शिमग्यात पालखीमागे चालताना तर हमखास. एसएसडीवर ही भीती नाही.

८. मॅकवर यातलं काय लागू होतं?

ड्रायव्हरची भानगड कमी, कारण कोअर ऑडिओ मुळातच आहे. बफर, केबल, हब, उष्णता हे सगळं तसंच. सॅम्पल रेट 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये बघा. लिनक्सवाल्यांना 'एक्सरन' (चुकलेल्या खेपा) मोजता येतात, तोच आकडा तुमचा थर्मामीटर.

९. पखवाजाच्या प्रत्येक थापेला आवाज फाटतो. नंतर आवाज कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

छाटलेला माथा नंतर खाली आणून परत येत नाही. बफरशी याचा संबंध नाही, गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) जास्त आहे. डबलबारीत बुवा आलापीत असतात तेव्हा पातळी लावली, तर गजर चढल्यावर पखवाज, झांज आणि कोरस मिळून ती सहज पार करतात. साउंड चेकला पखवाजवाल्यांना नुसतं 'वाजवा' म्हणू नका, 'गजराला वाजवाल तसं वाजवा' म्हणा. आणि तेव्हा सर्वांत उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. प्रत्यक्षात त्याहून जास्तच वाजेल. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर सुखाने वाढवता येतं, त्यामुळे मीटर हिरव्यातच रेंगाळला तरी जीव खालीवर करू नका.

मीटर उणे १२ वर आहे आणि तरी आवाज फाटका? मग तो लॅपटॉपच्या आधीच फाटलाय: मिक्सरच्या चॅनलचा लाल दिवा बघा किंवा माईकमागचा पॅड (आवाज उतरवणारा खटका) लावा.

१०. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर लावली. आवाज कर्कश येतो.

येणारच. मिक्सरचा मेन आउट सुमारे १.२ व्होल्टचा असतो आणि माईकचं भोक काही मिलिव्होल्टची अपेक्षा धरून बसलेलं. शिवाय बहुतेक लॅपटॉपवर ते मोनो असतं. दोन लाईन इनपुटचा साधा इंटरफेस घ्या. वायर मेन आउटमधून न घेता ऑक्समधून किंवा रेकॉर्ड आउटमधून मागा, म्हणजे साउंडवाल्याने स्पीकर वर-खाली केला तरी तुमची पातळी सहसा हलत नाही. डिजिटल मिक्सर असेल तर आधी त्याच्या पाठीमागे यूएसबी शोधा. बेहरिंगर एक्सआर१८ सारख्या मिक्सरमधून एका केबलवर १८ वेगवेगळे चॅनल मिळतात.

११. हेडफोनवर रेकॉर्डिंग ठीक, पण मोबाईलच्या स्पीकरवर लावलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो!

मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून तीन कड्यांच्या जॅकची वायर थेट स्टीरिओ इनपुटला गेली आहे. बॅलन्स्ड वायरीत तोच सिग्नल एका तारेत सुलटा आणि दुसरीत उलटा असतो. ते तुमच्याकडे डावा आणि उजवा म्हणून नोंदले गेले. एका स्पीकरवर मिसळले की एकमेकांना खाऊन टाकतात. रेकॉर्डिंग वाया गेलेलं नाही. स्टीरिओ ट्रॅकचे दोन मोनो करा, एकाला 'इन्व्हर्ट' लावा किंवा सरळ एक काढून टाका. पुढच्या वेळी एक आउट, एक इनपुट, एक वायर.

१२. चार्जर लावला की 'हूं' अशी भुणभुण, काढला की गायब.

लॅपटॉप आणि मिक्सर यांचं अर्थिंग दोन वेगळ्या जागी झालं आहे आणि त्या दोघांमध्ये तुमची ऑडिओ वायर पूल बनली आहे. पहिला उपाय फुकटचा: दोघांना एकाच बोर्डावरून वीज द्या. तेवढ्याने गेलं नाही तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स किंवा लाईन आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) घाला. कार्यक्रम लहान असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

प्लगची अर्थ पिन मोडणं किंवा तीन पिनला दोन पिनचा अडॅप्टर लावणं हा उपाय नव्हे. ओल्या खळ्यात अनवाणी उभ्या गायकाच्या ओठांना लोखंडी जाळीचा माईक लागतो. तिथे शॉक बसला तर भुणभुण परवडली. मुळात देवळाचं अर्थिंगच कमजोर असू शकतं: जांभ्याच्या सड्यावरचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. विजेच्या मिस्त्रीकडून ते तपासून घ्या.

१३. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आलो की आवाजात 'झर्र' येतं. माटवीवरची (गणपतीवर टांगलेल्या चौकटीवरची) रोषणाई चालू केली तरी तेच.

स्वस्तातले इन्व्हर्टर गोलाईची वीज देत नाहीत, चौकोनी लहर देतात. तिच्यातून १५०, २५० हर्ट्झ अशा वरच्या पट्ट्यांचा गोंगाट ऑडिओत शिरतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्रास नाही; नसेल तर लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेस बॅटरीवर ठेवा. जनरेटरवर बदलताना मिक्सर बंद-चालू होतो आणि मोठा 'धप्प' नोंदला जातो. मिक्सरला एक छोटा यूपीएस दिला की हे टळतं.

एलईडी माळांचे छोटे अडॅप्टर आणि डिमर यांच्यापासून माईकची वायर निदान एक मीटर लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात. मोबाईलही इंटरफेसवर ठेवू नका. टू-जीवर फोन आला की ती ओळखीची 'टिडिक-टिडिक' कायमची रेकॉर्डिंगमध्ये जाते.

१४. पावसाळ्यातच माईक चरचरतो. उन्हाळ्यात तोच माईक ठणठणीत. असं का?

कंडेन्सर माईकच्या पडद्यावर विद्युत भार असतो आणि दमट हवेत तो गळायला लागतो: तेलात काही तळल्यासारखा चर्र आवाज येतो, मध्येच फुटाण्यासारखे स्फोट. भाद्रपदात किनाऱ्यावर हवा इतकी ओली असते की नवा माईकही सर्द होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा, बहुधा पूर्ववत होतो. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर नकोच. एसी गाडीतून आणलेला माईक पिशवीतून लगेच काढू नका. तासभर बंदच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं. पावसाळ्यात गायकांना सरळ डायनॅमिक माईक द्या.

वायर हलवली की खरखर येत असेल तर माईक निर्दोष आहे. खाऱ्या हवेने जॅकच्या पिनांवर हिरवट थर आलाय. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावा, जॅक पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा डबा यासाठी नाही. त्याचा तेलकट थर धूळ धरतो. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

१५. रेकॉर्डिंगची पट्टीच उतरली! बुवा काळी एकमध्ये गायले, ऐकताना पांढरी एकच्याही खाली वाटतं.

४८,००० ला घेतलेला आवाज कुठेतरी ४४,१०० समजून वाजतोय. या दोन आकड्यांतला फरक जवळजवळ पेटीच्या दीड पट्टीचा. लयही तेवढीच मंदावते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून 'रेट' ४८,००० करा, आवाज जागेवर येईल. 'रिसॅम्पल' करू नका, ती वेगळी गोष्ट. पुढच्या वेळी विंडोजचं साउंड सेटिंग, इंटरफेसचं पॅनल आणि सॉफ्टवेअर, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. व्हिडिओ करायचा असेल तर ४८,०००.

१६. दर काही सेकंदांनी अगदी ठरावीक 'टिक्' येतो. दुसऱ्या वेळी टिक् नाही, पण शेवटी व्हिडिओशी आवाज जुळत नाही.

दोन्हीचं मूळ एकच: दोन यंत्रांतली, नमुने मोजणारी दोन घड्याळं. मिक्सरमधून इंटरफेसला डिजिटल वायरीने आवाज येत असेल तर एकाने घड्याळ द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं. घेणाऱ्याच्या पॅनलमध्ये क्लॉक 'इंटरनल'वरून 'एक्सटर्नल' करा, टिक् थांबेल. दोन यूएसबी माईक किंवा दोन इंटरफेस एकत्र चालवले तरी हेच. मॅकवर 'अॅग्रिगेट डिव्हाइस' बनवून दुसऱ्याला 'ड्रिफ्ट करेक्शन' लावता येतं. त्यापेक्षा जास्त इनपुटचा एकच इंटरफेस बरा.

कॅमेरा हे तिसरं घड्याळ. दहा लाखांत ५० एवढाच फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंदाने आवाज आणि चित्र फारकत घेतात. सुरुवातीला आणि शेवटी एकेकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून घ्या, मग ट्रॅक ताणून जुळवता येतो.

१७. झांज सुरू झाली की आवाज दबतो, झांज स्वतः ऐकूच येत नाही. कधी सगळंच टेलिफोनसारखं.

विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. बोलण्याचा आवाज स्वच्छ करायला केलेली ही सोय झांज-टाळांना गोंगाट समजून पुसून टाकते. टेलिफोनसारखं येत असेल तर ब्लूटूथ हेडसेट जोडलेला आहे आणि लॅपटॉपने त्याचाच माईक उचलला आहे.

१८. दशावतार रात्रभर चालतो. सकाळी फाईल उघडली तर लांबी काहीतरीच दाखवते.

साध्या वेव्ह फाईलची मर्यादा ४ जीबी. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ या हिशोबाने ती ४ तास ८ मिनिटांत भरते. ३२ बिट फ्लोट असेल तर ३ तास ६ मिनिटांतच. गणपती-संकासुरापासून पहाटेच्या आख्यानापर्यंत तेवढ्यात उरकत नाही. रीपरमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार 'आरएफ६४' किंवा 'वेव्ह६४' ठेवा, किंवा ठरावीक वेळाने नवी फाईल सुरू होईल असं सेट करा. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर तिलाही तीच ४ जीबीची मर्यादा. एक्सफॅट करून घ्या, पण आधीचा माल उतरवून, कारण फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं.

झालेली फाईल टाकून देऊ नका. बहुतेक वेळा आवाज आत असतो, फक्त सुरुवातीची नोंद चुकलेली असते. ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट रॉ डेटा' घ्या: साइन्ड २४ बिट, लिटल एंडियन, २ चॅनल, ४८,०००. नुसता फर्र असा गोंगाट आला तर सुरुवातीचा ऑफसेट एकेक बाइटने वाढवून बघा, तीन प्रयत्नांत आवाज सापडतो. रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉप बंद पडला तरी हीच युक्ती.

१९. रेकॉर्डिंग झालं, टिकटिक त्यात आहेच. काही वाचवता येईल?

एकट-दुकट टिक् असेल तर ऑडॅसिटीचा 'रिपेअर' इफेक्ट: एका वेळी १२८ नमुने, म्हणजे ४८,००० ला जेमतेम २.७ मिलिसेकंद. झूम करून तेवढाच तुकडा निवडा. थोडा फाटलेला आवाज 'क्लिप फिक्स'ने सुसह्य होतो, गजरभर फाटलेला नाही. भुणभुणीवर ५०, १०० आणि १५० हर्ट्झला अरुंद नॉच (तेवढाच पट्टा कापणारा फिल्टर) लावा. १०० चा फार खोल नेऊ नका, पखवाजाच्या धुमाचा (डाव्या बाजूचा) भरदारपणा तिथेच आसपास असतो.

अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त हरवलं असेल तर ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. मंडळातल्या कोणाच्या तरी मोबाईलवर तो अभंग असतोच. तो तुकडा मागवा, पट्टी आणि लय जुळवा, दोन्ही टोकांना १०-१५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा उतरताना दुसरा चढवणं) द्या आणि सांधा शक्यतो झांजेच्या ठोक्यावर घ्या, कारण तिथे तो कानाला सापडत नाही.